सिंथच्या नॉबवर मॉड्युलेशन कसं दाखवायचं

सॉफ्टवेअर सिंथचा कटऑफ नॉब (फिल्टर कुठवरची फ्रिक्वेन्सी जाऊ देतो ते ठरवणारा) मध्यावर स्थिर आहे, आवाज मात्र दर सेकंदाला उघडतोय आणि मिटतोय. याचं कारण पडद्यावर दिसत नसेल, तर वाजवणारा एकेक एलएफओ (नॉबची व्हॅल्यू आपोआप मागेपुढे हलवणारी संथ लाट) बंद करून शोधत बसतो. घरी बसून हे जमतं. नागपुरात मिरवणुकीतल्या धुमाळ वाद्यमेळाच्या गाडीवर, समोर ऑक्टापॅडवाला सुरू झालेला असताना, कीबोर्डवाल्याकडे तेवढी उसंत नसते. त्याला एका नजरेत कळायला हवं की आवाज कोण हलवतंय आणि किती. स्वतःचा सिंथ किंवा प्लगइन लिहिणाऱ्यांसाठी त्याची रीत इथे दिली आहे. उदाहरणं सी प्लस प्लस आणि ज्यूस फ्रेमवर्कमधली आहेत, पण गणित कुठेही तेच राहतं.

मॉड्युलेट होणाऱ्या, म्हणजे दुसरा स्रोत ज्याची व्हॅल्यू हलवतो अशा, प्रत्येक नॉबने तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत: मूळ जागा कुठे आहे, तिथून तो कुठवर जाऊ शकतो, आणि या क्षणी तो कुठे आहे. तीन गोष्टींना तीन वेगळ्या खुणा द्या. मूळ जागेला रेघ, पल्ल्याला कमान, चालू क्षणाला ठिपका. एकाच खुणेवर दोन कामं टाकली की गोंधळ सुरू होतो. एलएफओबरोबर नॉबची रेघच फिरवणं हा त्यातला सर्वांत सामान्य प्रकार. दिसायला ते छान वाटतं, पण माउसने नेमकं काय पकडायचं हे कळत नाही, कारण पकडायची वस्तूच पळत असते.

आधी दोन व्हॅल्यू वेगळ्या करा

चित्र काढण्याआधी आतली रचना तपासा. पॅरामीटरची मूळ व्हॅल्यू आणि मॉड्युलेशन मिळवून आलेली व्हॅल्यू या दोन वेगळ्या जागी ठेवायच्या. मिळवलेली व्हॅल्यू पॅरामीटरमध्ये परत लिहायची नाही. नॉब हलताना दिसावा म्हणून काही जण एलएफओची व्हॅल्यू ‘सेट व्हॅल्यू नोटिफायिंग होस्ट’ला देतात. मग होस्ट, म्हणजे प्लगइन ज्यात चालतं ते रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर (डीएडब्ल्यू), समजतं की वापरणाऱ्याने नॉब फिरवला. ऑटोमेशन रेकॉर्डिंग चालू असेल तर ट्रॅकवर हजारो बिंदू उमटतात. होस्टला प्रकल्प बदलल्यासारखा वाटत राहतो. सर्वांत वाईट म्हणजे प्रीसेट सेव्ह करताना एलएफओ ज्या जागी असेल तीच मूळ जागा म्हणून जतन होते. मग तोच प्रीसेट दर वेळी सेव्ह केल्यावर थोडा सरकलेला उघडतो, आणि वापरणाऱ्याला कारण कधीच कळत नाही.

होस्टकडून येणाऱ्या बदलांचेही दोन प्रकार आहेत. साधं ऑटोमेशन मूळ जागाच बदलतं, म्हणून तिथे रेघ हललेली योग्य. २०२२ मध्ये यू-ही आणि बिटविग या कंपन्यांनी आणलेल्या क्लॅप या प्लगइन फॉरमॅटमध्ये मात्र मॉड्युलेशनची घटना वेगळी येते. ती मूळ व्हॅल्यूला हात न लावता तिच्यावर भर घालते, अगदी एकेका नोटपुरतीही. ती तुमच्या अंतर्गत एलएफओसारखीच वागवा. रेघ जागच्या जागी राहील, फक्त ठिपका सरकेल.

कमानीचं गणित

सगळं काम ० ते १ या सामान्य मापात करा. ज्यूसमध्ये फिरत्या नॉबची सुरुवात १.२ π आणि शेवट २.८ π रेडियनला असतो, म्हणजे वरच्या बारा वाजल्यापासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर २१६ अंश ते ५०४ अंश. एकूण फिरकी २८८ अंश. कोन = २१६ + व्हॅल्यू × २८८.

आता खरं उदाहरण घेऊ. कटऑफचा पल्ला २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, लॉग मापावर. हे जवळजवळ १० ऑक्टेव्ह झाले. नॉब बरोबर मध्यावर, म्हणजे ०.५ वर असेल तर कटऑफ ६३२ हर्ट्झ. त्यावर दोन्ही बाजूंना ०.२ डेप्थचा (किती हलवायचं त्याचं माप) एलएफओ लावला, तर कमान ०.३ पासून ०.७ पर्यंत जाते: ३०२.४ अंश ते ४१७.६ अंश. फ्रिक्वेन्सीत हा पल्ला १५९ ते २५१८ हर्ट्झ होतो, म्हणजे खाली दोन आणि वर दोन ऑक्टेव्ह. कानाला दोन्ही बाजू सारख्या वाटतात, आणि पडद्यावरही कमान दोन्हीकडे ५७.६ अंश दिसते.

हेच कोणी थेट हर्ट्झमध्ये मोजून काढलं तर चित्र बिघडतं. सरळ मापावर ६३२ हर्ट्झ हा पल्ल्याच्या अवघ्या ३ टक्क्यांवर येतो, म्हणून नॉब मध्यावर आणि कमान डाव्या कोपऱ्यात गोळा झालेली, असा प्रकार होतो. कमान विचित्र दिसली की पहिली शंका मापावर घ्या.

आकडा मात्र सामान्य मापात दाखवू नका. डेप्थ ओढताना बाजूला ‘०.२’ येण्याऐवजी ‘± २ ऑक्टेव्ह’ किंवा ‘१५९ ते २५१८ हर्ट्झ’ असं आलं पाहिजे. वाजवणारा त्याच भाषेत विचार करतो.

ठिपक्याची जागा काढताना हमखास एक चूक होते. ज्यूसची ‘ॲड सेंटर्ड आर्क’ कोन बारा वाजल्यापासून मोजते. ठिपक्यासाठी शाळेतल्या सवयीने ‘क्ष’ला कोसाइन आणि ‘य’ला साइन लावलं, तर शून्य तीन वाजता धरला जातो आणि ठिपका कमानीच्या पाव फेरी पुढे पळतो. बरोबर सूत्र असं: क्ष = मध्य क्ष + त्रिज्या × साइन, य = मध्य य − त्रिज्या × कोसाइन. शिवाय त्याच फंक्शनमधला ‘नवा उपमार्ग सुरू करा’ हा शेवटचा पर्याय ‘ट्रू’ ठेवायला विसरलात, तर वरच्या डाव्या कोपऱ्यापासून कमानीपर्यंत एक उपरी रेघ येते.

दिशाही दाखवायला हवी. एकाच बाजूला जाणारा स्रोत, उदाहरणार्थ एन्व्हलप (नोट दाबल्यावर एकदा चढून उतरणारी व्हॅल्यू), मूळ रेघेपासून सुरू होतो आणि डेप्थ उणे असेल तर मागे जातो; ते आपोआप कळतं. दोन्ही बाजूंना जाणाऱ्या एलएफओचं तसं नाही. डेप्थ अधिक ०.२ असो वा उणे ०.२, कमान हुबेहूब सारखीच दिसते, आवाजात मात्र उघडण्याच्या जागी मिटणं येतं. त्यासाठी स्रोत अधिक १ वर असताना नॉब ज्या टोकाला जातो, त्या टोकावर कमान जाड करा किंवा छोटी गोळी बसवा.

पल्ल्याबाहेर जाणारी डेप्थ हा प्रश्न बरेच सिंथ झाकून टाकतात. मूळ जागा ०.९, डेप्थ ± ०.३. हिशेबाने वरचं टोक १.२ येतं, पण नॉब १.० ला संपतो. कमान १.० ला कापून गप्प बसलात तर वापरणाऱ्याला वाटतं, डेप्थ वरच्या बाजूला ०.१ च आहे. प्रत्यक्षात साइन एलएफओ आपल्या प्रत्येक फेरीतला सुमारे ३९ टक्के वेळ १.० वर अडकून राहतो, आणि कानाला लाट नव्हे तर सपाट माथा ऐकू येतो. म्हणून टोकावर वेगळी खूण द्या. आम्हाला टोकावरची छोटी आडवी पट्टी सर्वांत योग्य वाटते. तुटक रेघही चालते, पण ४० पिक्सेलच्या नॉबवर ती नीट दिसत नाही.

ठिपका: ऑडिओ थ्रेडपासून पडद्यापर्यंत

आवाज तयार करणाऱ्या ऑडिओ थ्रेडने पडद्याची वाट बघायची नाही. कुलूप नाही, मेमरी मागणं नाही, ‘रिपेंट’ तर नाहीच. एकच एलएफओ दाखवायचा असेल तर एक अ‍ॅटॉमिक फ्लोट (दोन थ्रेडना कुलुपाशिवाय वाटून घेता येणारा आकडा) पुरतो: प्रत्येक ब्लॉकच्या (एका वेळी तयार होणाऱ्या सॅम्पलच्या गठ्ठ्याच्या) शेवटी ऑडिओ थ्रेड व्हॅल्यू लिहितो, पडदा आपल्या वेळी वाचतो. मात्र यात फक्त ब्लॉकच्या शेवटचा क्षण मिळतो, मधलं सगळं गळतं. ५ मिलिसेकंदांचा तीक्ष्ण एन्व्हलप दोन चित्रांच्या मध्येच येऊन निघून जातो आणि ठिपका जागचा हलत नाही.

म्हणून प्रत्येक ब्लॉकसाठी तीन आकडे पाठवा: किमान, कमाल आणि शेवटची व्हॅल्यू. एक लिहिणारा आणि एक वाचणारा असा कुलूप नसलेला फिफो (आधी आलेली नोंद आधी देणारी रांग) वापरा. ज्यूसमध्ये ‘ॲब्स्ट्रॅक्ट फिफो’ त्यासाठीच आहे. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पलचा ब्लॉक असेल तर सेकंदाला ७५० ब्लॉक होतात, म्हणजे पडद्यावरच्या सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाने प्रत्येक चित्रामागे साधारण १२ ते १३ नोंदी. २५६ नोंदींचा फिफो घेतला तर सेकंदाच्या एक तृतीयांश एवढी सवड मिळते. फिफो भरला तर ऑडिओ थ्रेडने नोंद सरळ टाकून द्यावी. खिडकी बंद असताना लिहायचंच नाही. त्यासाठी एक अ‍ॅटॉमिक बूल ठेवा. खिडकी पुन्हा उघडताना आधी फिफो रिकामा करा, नाहीतर ठिपका क्षणभर जुन्या जागी उडी मारून येतो.

वाचताना त्या चित्रात आलेल्या सगळ्या नोंदींमधली सर्वांत लहान किमान आणि सर्वांत मोठी कमाल घ्या, त्या दोघांमध्ये फिकट पट्टा काढा, आणि शेवटच्या व्हॅल्यूवर गडद ठिपका ठेवा. मघाचा ५ मिलिसेकंदांचा एन्व्हलप आता झपकन पट्टा होऊन दिसेल.

मोठ्या बफरचा त्रास उलट्या बाजूचा. २०४८ सॅम्पलचा बफर ४८ किलोहर्ट्झला ४२.७ मिलिसेकंदांचा होतो. सेकंदाला २३ च नवे आकडे येतात आणि ठिपका धक्के खात चालतो. पहिला मोह होतो तो ठिपक्याची हालचाल मऊ करण्याचा. साइनला ते खपतं. चौकोनी लाटेवर किंवा सॅम्पल अँड होल्डवर (ठरावीक वेळाने उडी मारून थांबणाऱ्या व्हॅल्यूवर) मात्र ते सरळ खोटं चित्र आहे: आवाज क्षणात उडी मारतो आणि ठिपका निवांत सरकत जातो. त्याऐवजी एलएफओची फेज (फेरीतली चालू जागा) आणि वेग पाठवा. पडद्याने लाटेचा आकार स्वतः वाचून मधली जागा काढावी आणि नवा आकडा आला की फेज जुळवून घ्यावी. यात उडी उडीच राहते आणि साइन साइनच.

वेगवान एलएफओ आणि फसवा ठिपका

पडदा सेकंदाला ६० चित्रं काढतो. एलएफओ बरोबर ६० हर्ट्झला नेला तर प्रत्येक चित्रात तो त्याच जागी सापडतो, आणि ठिपका थांबल्यासारखा दिसतो. आवाज गुरगुरतोय, नॉब शांत! ५९ हर्ट्झला करवती लाट सेकंदाला एक फेरी उलटी फिरताना दिसते. अगदी १२ हर्ट्झलाही एका फेरीत फक्त पाच जागा मिळतात, त्यामुळे ठिपका सरकत नाही, पाच जागी उड्या मारतो.

यावर उपाय म्हणजे १० हर्ट्झच्या पुढे ठिपका हळूहळू फिकट करत जा आणि १५ हर्ट्झला तो पूर्ण काढून त्या जागी भरलेला पट्टा दाखवा. पट्ट्यालाही अर्थ देता येतो: जिथे व्हॅल्यू जास्त वेळ असते तिथे तो गडद. साइनचा पट्टा दोन्ही टोकांना गडद होतो, त्रिकोणी लाटेचा सगळीकडे सारखा, चौकोनीचा फक्त दोन ठिपके. लाट वेगवान आहे हेही बघणाऱ्याला कळतं आणि तिच्या आकाराचा अंदाजही येतो. ऐकू येण्याइतक्या वेगाने चालणाऱ्या एफएमसाठी (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशनसाठी) मात्र नॉबवर काहीही हलवू नका. पट्टा आणि आकडा पुरे.

एका नॉबवर अनेक स्रोत, अनेक स्वर

दोन स्रोत आले की दोन कडी काढावीत का? दोनपर्यंत ठीक. तिसरं कडं आलं की ४८ पिक्सेलचा नॉब गजबजतो आणि कुठलंच कडं वाचता येत नाही. आमची शिफारस: एक बारीक राखाडी कडं सगळ्यांच्या बेरजेचं, आणि निवडलेल्या एका स्रोताची रंगीत कमान. एलएफओ २ वर बोट ठेवलं की सगळ्या नॉबांवर फक्त एलएफओ २ च्या कमानी उजळतील. उलट नॉबवर राईट क्लिक केलं की त्याला ढकलणाऱ्या सगळ्या स्रोतांची यादी डेप्थसह यावी, आणि तिथूनच एकेक बंद करता यावा. सुरुवातीचा शोधाशोधीचा प्रश्न या यादीने एका क्लिकवर सुटतो. डेप्थची कमान ३ पिक्सेल जाड असली तरी माउसला पकडायची जागा किमान १२ पिक्सेल ठेवा.

बेरजेच्या कड्याबद्दल एक सावधगिरी. ± ०.२ चा एलएफओ आणि अधिक ०.३ चा एन्व्हलप यांची कागदावरची बेरीज, मूळ जागा ०.५ असेल तर, ०.३ ते १.० अशी येते, पण दोघे एकाच वेळी टोकाला पोचतीलच असं नाही. कागदावरचा पल्ला फिकट काढा आणि फिफोतून प्रत्यक्ष मोजलेला पल्ला त्यावर गडद. एका एलएफओने दुसऱ्याची डेप्थ हलवली असेल तेव्हाही हीच जोडी कामी येते.

पॉलिफोनीत, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वर वाजत असताना, प्रत्येक स्वराचा एलएफओ आपापल्या वेळी सुरू होत असेल, तर आठ स्वरांचे आठ ठिपके हवेत. त्यात शेवटच्या स्वराचा मोठा, बाकीचे लहान. सुटलेला स्वर विरत असताना त्याचा ठिपकाही विरू द्या. सगळ्या स्वरांना एकच एलएफओ असेल तर एकच ठिपका काढा. आठ ठिपके एकावर एक ठेवले तर पारदर्शक रंग साचून उगाच गडद डाग होतो.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघायला व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे दोन सॉफ्टवेअर सिंथ उघडून ठेवा. दोन्ही मोफत मिळतात, दोन्हींचा कोड खुला आहे आणि दोन्ही ज्यूसवर आहेत. व्हायटल २०२० मध्ये आला. स्रोत ओढून नॉबवर टाकायचा, मग कडं आणि हलता ठिपका दोन्ही दिसतात. सर्जचा कोड २०१८ मध्ये खुला झाला; तिथे आधी स्रोत निवडायचा आणि मग तो कोणकोणत्या स्लायडरला जोडलाय ते रंगाने कळतं. स्रोताकडून बघणं आणि नॉबकडून बघणं, या दोन्ही वाटा समजून घ्यायला ही जोडी चांगली आहे.

ऊन, रंग आणि तापलेला लॅपटॉप

नागपुरात पोळ्यानंतरची मारबतीची मिरवणूक भर दिवसा निघते. गाडीवरच्या लॅपटॉपवर ऊन पडलं की गडद राखाडीवरची निळी कमान पार गायब होते. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.१ नियमावलीत चित्ररूप घटकांसाठी किमान ३:१ कॉन्ट्रास्ट सांगितला आहे. तो घरातल्या पडद्याचा हिशेब. उघड्यावर वापर होणार असेल तर ७:१ धरा आणि एक उजळ थीम द्याच. स्रोत ओळखायला लाल-हिरवी जोडी टाळा, कारण अनेकांना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत. निळा आणि नारिंगी घ्या, शिवाय एक कमान सलग आणि दुसरी दुहेरी रेघेची ठेवा म्हणजे रंगावरच सगळा भार राहत नाही. १३६६ × ७६८ चे लॅपटॉप अजून भरपूर वापरात आहेत. त्या पडद्यावर २ पिक्सेलपेक्षा बारीक कमान काढू नका.

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि मग पडद्याची उधळपट्टी आवाजात खडखडाट होऊन ऐकू येते. नॉबचं न हलणारं चित्र एकदाच इमेजमध्ये साठवा. ‘रिपेंट’ला फक्त कमानीचा चौकोन द्या, सगळी खिडकी नको. ठिपका अर्ध्या पिक्सेलपेक्षा कमी हलला असेल तर काढूच नका. ज्यूस ७ मधली ‘व्हीब्लँक अटॅचमेंट’ पडद्याच्या ठेक्यावर चालते, म्हणून साध्या टायमरपेक्षा हालचाल गुळगुळीत दिसते. पण १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर ती सेकंदाला १४४ वेळा बोलावते, तेव्हा मधली चित्रं गाळा. सलग दहा चित्रांना ८ मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले तर सेकंदाला ६० चित्रांवरून ३० वर या, तरी भागलं नाही तर १५. फेज पाठवली असेल तर १५ लाही ठिपका खऱ्या जागीच राहतो, फक्त हालचाल खडबडीत होते.

तपासणी

पहिल्यांदा न हलणारा स्रोत लावा. मॅक्रो (हाताने फिरवून अनेक नॉब एकत्र हलवणारा नॉब) पूर्ण उघडला की ठिपका कमानीच्या जाड टोकावर तंतोतंत बसला पाहिजे. दोन अंशांचाही फरक दिसला तर कमान आणि ठिपका वेगवेगळ्या सूत्रांनी निघतायत. मग ०.२५ हर्ट्झची करवती लाट आणि घड्याळ: एक फेरी ४ सेकंद. त्यानंतर १ हर्ट्झची चौकोनी लाट कटऑफवर लावून पडदा आवाजासकट ६० चित्रांच्या वेगाने रेकॉर्ड करा आणि चित्र-चित्र पुढे नेत उडी आणि आवाज जुळतात का ते बघा. ठिपका आवाजाच्या आधी उडत असेल तर बफरचा उशीर मोजून पडद्याकडच्या नोंदी तेवढ्या मागे ठेवा. मास्टरवर पुढचं बघून काम करणारा लिमिटर असेल तर त्याचा उशीर तुमच्या प्लगइनला कळत नाही, म्हणून ही चाचणी रिकाम्या मास्टरवर करा.

हे सगळं ६४ आणि २०४८ अशा दोन्ही बफरवर करायचं. ५९, ६० आणि ६१ हर्ट्झचा एलएफओ लावून ठिपका कुठे फसवत नाही ना ते बघायचं. प्रीसेट दहादा सेव्ह करून दहादा उघडायचा आणि मूळ व्हॅल्यू एका हजारांशानेही सरकलेली नाही याची खात्री करायची. शेवटी त्याच प्लगइनच्या वीस प्रती लावून एकीचीच खिडकी उघडी ठेवा: बाकी एकोणीस प्रतींच्या टायमरचा प्रोसेसरवरचा भार शून्य दिसला पाहिजे.